पाऊल कुठं पडतंय?

(अखंड हरिनाम सप्ताहातील पाचव्या दिवसाच्या कीर्तनातून. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले निरूपण.)

निरूपणाला लागण्याआधी एक गोष्ट विचारतो. उत्तर मला देऊ नका, ज्याचं त्यानं आपल्यापाशी द्या. आत्ता, या घडीला, तुमचे खांदे कुठं आहेत?

बघा, हलले! मी नुसतं विचारलं. खाली घ्या असं काही म्हटलं नाही. तरी अर्ध्या मंडपाचे खांदे दोन बोटं खाली आले. म्हणजे ते वर चढून बसले होते, आणि वर चढलेत याची मालकाला खबरच नव्हती. आता दात बघा. दातावर दात दाबून कोण कोण बसलंय? मुठी बघा. कपाळावरची आठी बघा. इथं कुणी भांडायला आलेलं नाही, कीर्तनाला आलोय आपण. मग ही लढाईची तयारी कशासाठी?

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. आता ज्ञान म्हटल्यावर आपल्याला वाटतं, काहीतरी मोठं वेदान्ताचं येणार. ब्रह्म येणार, माया येणार. येतं, तेही येतं. पण त्या लक्षणांमध्ये अहिंसा आली आणि माउली थांबली कुठं? माणसाच्या पायापाशी! ज्याच्या अंगी अहिंसा मुरली तो चालतो कसा, हे आधी सांगितलं. मग तो बोलतो कसा, बघतो कसा, त्याचे हात कसे असतात. एकेक अवयव घेऊन सांगितलं. भुंगा कमळावर उतरतो तेव्हा आतले केसर चुरगळतील या धाकानं जसा अलगद पाय टेकवतो, तसं त्याचं पाऊल जमिनीवर पडतं, असा दृष्टांत दिला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नेवाशाला सांगितलेली ही गोष्ट. ज्ञानी माणूस ओळखायचा कसा? त्याच्या पाठांतरावरून नाही. त्याच्या पावलावरून.

आता टाळकऱ्यांत जुनी मंडळी बसली आहेत, ती मनात म्हणत असतील, महाराज आज भलतंच सांगायला लागले. आपण तर आयुष्यभर ऐकत आलो की देह नाशिवंत, देहाचा अभिमान सोडा, कीर्तनात देहभान हरपलं पाहिजे. आणि हे महाराज म्हणतात, खांदे कुठं आहेत बघा!

शंका रास्त आहे. पण मला सांगा, जे हातात नाही ते सोडणार काय? खिशात पैसा असेल तर दान. खिसाच फाटका, आणि म्हणतो मी सगळं दान केलं! तसं आहे हे. आज आपलं देहभान हरपलेलं आहे, पक्कं हरपलेलं आहे. पण ते विठ्ठलापाशी हरपलेलं नाही. चिंतेपाशी हरपलंय. हप्त्यापाशी हरपलंय. त्या मोबाइलपाशी हरपलंय. जेवताना भाजी अळणी होती की खारट, ते सांगता येत नाही. जिना चढून वर आलो, कधी चढलो ते आठवत नाही. संतांचं देहभान सुटलं ते पिकलेलं फळ देठापासून सुटावं तसं. आपलं चोरीला गेलंय. दोन्हीकडं फांदी मोकळीच दिसते, म्हणून आपली फसगत होते.

चिंता काय करते ते बघा. हरणाच्या मागं वाघ लागला की हरणाचं काळीज धडधडतं, श्वास वर चढतो, अंग ताठतं. ही देवानं दिलेली सोय आहे, पळायला बळ यावं म्हणून. हरीण पळतं. वाचलं, की अंग झटकतं आणि पुन्हा चरायला लागतं. आपल्या मागं बँकेचं पत्र लागतं, तेव्हाही काळीज तसंच धडधडतं, अंग तसंच ताठतं. पण पळायचं कुठं? आपण खुर्चीत! सगळी तयारी झाली पळायची आणि माणूस बसून. रोज. वर्षानुवर्षं. मग मान आखडते, पित्त होतं, झोप जाते.

आमच्या दिंडीत एक कांदा करणारे शेतकरी आहेत. नाव सांगत नाही, ते कुठं मंडपात असले तर लाजतील. दोन वर्षं लागोपाठ भाव पडला. काढणीचा खर्च निघेना. माणूस ओट्यावर बसायचा तो बसलेलाच. ताट पुढं आलं तर जेवायचं, नाही आलं तर नाही. रात्रभर डोळे उघडे. घरच्या माउलीला भलतीसलती भीती वाटायला लागली. कसली ते मी इथं बोलत नाही, तुम्हाला कळतं. तिनं हात धरून त्यांना आमच्या दिंडीत आणून सोडलं.

आळंदीहून निघालो. पुण्यात मुक्काम. हा माणूस रांगेत चालतो, तोंडानं नाम नाही, हातात टाळ दिले तर ते गळ्यात नुसते लोंबतात. मग आला दिवेघाट. ज्यांनी वारी केली त्यांना सांगायला नको. ती चढण, वरून ऊन नाहीतर पाऊस, आणि मागंपुढं माणसांचा पूर. रात्री सासवडला तंबूत मी पाठ टेकली होती. हा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "महाराज, टाचेला फोड आलाय. लई दुखतंय." आणि हे सांगताना तोंडावर हसू! म्हणाला, "दोन वर्षांत मला कुठं काही दुखल्याचं आठवत नाही, आणि कुठं काही बरं वाटल्याचंही आठवत नाही. आज दुखलं. म्हणजे मी हाय की हो!"

माउली, त्या 'मी हाय की हो' वर मी पाच दिवसांचं कीर्तन करीन. मोठमोठ्या ग्रंथांतून जे हाताला लागायला वर्षं जातात ते त्या फोडानं दाखवलं.

कर्ज फिटलं का? नाही फिटलं. वारीनं कर्ज फिटत नसतं, तसं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. पण वाखरीपर्यंत त्यांना रात्रीची झोप लागायला लागली. परत आल्यावर घरच्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं, औषधं सुरू झाली. आणि चालणंही सुरू राहिलं, रोज पहाटे बांधावरून. मग एके दिवशी आपण होऊन बँकेत गेले, साहेबापुढं बसले, हप्ते बांधून घेतले. ओट्यावरून उठून बँकेपर्यंत जायला पाय लागतात हो. ते पाय आधी परत यावे लागतात.

वारीत पालखीत काय असतं? मूर्ती असते का? पोथी असते? पादुका असतात. आळंदीचा तो सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिला, लाखो माणूस अडीचशे किलोमीटर चालतो, आणि मध्यभागी काय, तर पादुका. पायांच्या खुणा. आमचा संप्रदाय पायांचा संप्रदाय आहे. आणि पंढरीचा राणा काय करतो? उभा राहतो. दोन्ही पाय सारखे, विटेवर. समचरण म्हणतो आपण. घरी गेल्यावर तुमची जुनी चप्पल उलटी करून बघा, तळ एका बाजूनं जास्त झिजलेला असेल. आपण एका पायावर उभे, एका अंगावर कललेले, आणि ते आपल्या गावीही नाही. देव दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे, कमरेवर हात, खांदे मोकळे, घाई नाही. उद्या देवळात रांगेत उभे राहाल ना, तेव्हा मोबाइल काढू नका. तसे उभे राहून बघा. डाव्या पायावर किती भार, उजव्यावर किती. टाचेवर किती, चवड्यावर किती. रांग कधी सरली ते कळणार नाही.

आमचे गुरुजी पावली शिकवायचे तेव्हा महिनाभर हातात टाळ देत नसत. नुसते पाय. पहाटेचा अंधार, शेणानं सारवलेली जमीन, आम्ही दहा-बारा पोरं. म्हणायचे, "पाय टाकू नकोस, पाय ठेव." टाकणं आणि ठेवणं यांत फरक आहे. कचरा टाकतात. फूल ठेवतात. मग म्हणायचे, जमिनीचा गारवा कुठल्या बोटाला आधी लागला ते सांग. आम्ही सांगायचो अंगठ्याला, का तर सांगायचं म्हणून. त्यांना बरोबर कळायचं. म्हणायचे, परत ठेव.

त्यांनी एक युक्ती दिली होती, ती तुम्हाला देतो. 'राम कृष्ण हरी', शब्द किती? तीन. पाय किती? दोन. एका पावलाला एक शब्द घेऊन चालायला लागा. उजवा पाय राम, डावा कृष्ण, उजवा हरी. आता पुढचा राम कुठं आला? डाव्यावर! मग पुन्हा उजव्यावर. एकदा इकडं, एकदा तिकडं. तुमचं मन घटकाभर जरी बाजारात गेलं, तरी राम कुठल्या पायावर आला ते सांगता येणार नाही. चिडायचं नाही. अरेरे माझं मन किती चंचल, म्हणून कपाळ बडवायचं नाही, तीही एक चिंताच झाली. सुटलं? पुन्हा उजवा पाय, राम. अंगणात वीस पावलं जा, वीस पावलं या. आधी टाच टेकते, मग तळवा, मग चवडा, शेवटी अंगठा सुटतो. एवढंच बघायचं. मनाला सरळ धरायला गेलात तर ते सापडत नाही, वाऱ्याला मूठ मारल्यासारखं होतं. पण पाय पळून जात नाही. पाय इथंच असतो. पायाला धरा, मन त्याच्या मागं घरी येतं.

डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आमच्या माउल्या बघितल्यात ना? त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मान सरळ, नजर समोर, पाऊल एकसारखं. घाई केली की वृंदावन डोलतं, आणि लक्ष उडालं की तेही लगेच कळतं. ती तुळस त्यांची गुरू आहे.

आता गाण्याचं. आमचे एक डॉक्टर माळकरी आहेत. ते म्हणतात, महाराज, श्वास आत घेताना नाडी थोडी वेगानं चालते आणि श्वास सोडताना सावकाश होते, हे शरीरातच आहे. तुम्ही अभंगाचं चरण म्हणता तेव्हा काय होतं? श्वास झटकन घेता आणि सोडता मात्र लांब, पूर्ण चरणभर. त्यांनी आणखी एक सांगितलं. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी तेवीस माणसांवर तपासून छापलं, की त्यांची जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि आपल्याकडचा मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत येतो, आणि काळजाची लय त्याच्याशी जुळते. आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला १९७९ साली कबाट-झिन नावाच्या प्राध्यापकांनी दवाखान्यातच वर्ग सुरू केला, जुनी दुखणी असलेल्यांसाठी. आडवं व्हायचं आणि पायाच्या बोटापासून टाळूपर्यंत एकेक अवयव मनानं बघत जायचा. औषध नव्हे, औषधाच्या जोडीला. आपल्या इगतपुरीला विपश्यनेत बसवतात, तिथंही अंगावर काय काय जाणवतं तेच बघायला लावतात.

हे ऐकून काही जण लगेच म्हणतात, बघा, आमचंच सगळं त्यांनी चोरलं! अरे बाबा, चोरलं असतं तर तुझ्याकडचं गेलं असतं. तुझ्याकडंच आहे, तू वापरत नाहीस. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रचार केला, पुस्तकं काढली. त्याच सातारा भागातला पोरगा आज पोट सुटलं म्हणून मोबाइलमध्ये बघून शंभर नमस्कार घालतो, धापा टाकत, आकडा मोजत. बाराच घाल, पण हात जमिनीला टेकल्याचं कळू दे की!

एक सांगून ठेवतो, हे नीट ऐका. कुणाच्या छातीत कळ येत असेल तर राम कृष्ण हरी म्हणत अंगणात चकरा मारू नका, दवाखान्यात जा. चिंतेच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर कीर्तन ऐकलं म्हणून बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी अनवाणी चालायचं नाही. त्यांच्यातल्या काहींच्या तळव्याला खडा रुतलेला कळत नाही आणि जखम वाढते. चप्पल घालून चाला, आणि रात्री तळवे डोळ्यांनी बघा. ज्या आज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी खुर्चीत बसून नुसते पंजे उचलले, टेकवले तरी चालतं. पांडुरंग मोजत नाही.

विठ्ठल, विठ्ठल! (नामगजर)

खडा म्हटलं आणि आठवलं. तेरचे आमचे गोरोबाकाका. कुंभाराची माती कशी तयार होते? पायानं तुडवावी लागते. नुसती मऊ व्हावी म्हणून नाही. मातीत खडा राहिला तर भट्टीत मडकं फुटतं. तो खडा डोळ्याला दिसत नाही, चिखलात असतो. तो कळतो पायाला. कुंभार गाळ तुडवत असतो आणि तळव्याला टोचलं की वाकून खडा काढतो, फेकतो. असे ते पाय! आयुष्यभर घडवलेले.

आणि त्या दिवशी काका नामात रंगले. बायको पाण्याला गेली, लेकराला अंगणात ठेवून. लेकरू रांगत रांगत आलं. बाप दिसला की लेकरू येणारच. ते चिखलात आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी हे आख्यान चाळीस वर्षं सांगतोय. लोक रडतात, मग मी म्हणतो, बघा कशी तन्मयता! पण माउली, त्या बाईनं घागर खाली टाकली आणि जो हंबरडा फोडला, त्याच्यावरून उडी मारून तन्मयतेकडं जायला आता माझं मन धजत नाही. ज्या पायाला बोराएवढा खडा कळत होता, त्या पायाला पोटचा गोळा कळला नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, हे कसलं तुमचं भजन? तिचा प्रश्न खोटा नाही. संतांच्या कथेत तो प्रश्न गाळलेला नाही, तसाच ठेवलाय. यातच आपल्या संतांचं मोठेपण आहे.

काकांचं देहभान विठ्ठलात गेलं होतं, म्हणून ती जबाबदारी विठ्ठलावर आली. तुमचं-माझं कुठं गेलेलं असतं? दिवसभराचा राग डोक्यात, कंपनीतल्या साहेबाचं बोलणं डोक्यात, आणि बाप घरात शिरतो. पोर कागद घेऊन पायाशी येतं, "बाबा, बघा ना." बाप त्याच्या अंगावरून चालत आत जातो. पाऊल कुठं पडलं ते बापाला कळत नाही. पोराला कळतं. म्हणून माउली म्हणते भुंग्यासारखं पाऊल ठेवा. खाली कुणाचं तरी काळीज असतं हो!

पुढं काय झालं? बायकोनं शपथ घातली, मला शिवू नका. काकांनी पाळली. एकदा झोपेत हात लागला, तर त्यांनी आपले हातच तोडून टाकले. म्हणजे आता पायांवर विश्वास नाही, हातही नाहीत. देहाचा असा चुराडा झालेला माणूस पंढरीला आला. वाळवंटात नामदेवराय कीर्तनाला उभे. नामदेवराय म्हणाले, हात वर करा, टाळी वाजवा. सगळ्यांनी हात वर केले. काकांनी थोटे खांदेच उचलले. हात नाहीत, पण उचललं! आणि कथा सांगते की तिथं हात फुटले. टाळी वाजली. आणि ती माउली जिथं पदर पसरून बसली होती, तिथं गर्दीतून लेकरू रांगत आलं.

देवालाही ते लेकरू तसं मातीत ठेववलं नाही. परत द्यावं लागलं. आणि दिलं कुठं? गुहेत नाही, हिमालयात नाही. टाळी वाजते तिथं, माणसात. त्या टाळीत हाताला हात लागला तो आवाज काकांनी कसा ऐकला असेल? आपण रोज टाळी वाजवतो. उजवा तळवा डाव्याला लागतो, ऊब होते, मुंग्या येतात. कधी बघितलंय?

चला, एकदा वाजवू. सावकाश. घाई नको, पखवाजवाले, तुम्ही थांबा जरा. नुसती टाळी... हां. आता हात तसेच समोर धरा. काय जाणवतंय? राहू द्या थोडा वेळ.

बरं. दोन तास मांडी घालून बसलात, एकदम उठू नका. आधी पाय पसरा, बोटं हलवा. मुंग्या जाऊ द्या. शेजारच्या आजींना हात द्या. विणेकऱ्यांना वाट द्या, ते मघापासून उभे आहेत, त्यांच्या गळ्यातली वीणा आता दुसऱ्याच्या गळ्यात जाईल. वीणा सात दिवस खाली टेकायची नाही, उभं राहणाऱ्यांनी जपून उभं राहायचं. पावली खेळणारे पुढं या. लहान पोरं मध्ये आलीत, बघून पाय ठेवा.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!